दोन काळ्या मोटारी

मोटारगाडी हा वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकाचा विषय नव्हे, असें कांहीं वाचकांस वाटेल. चित्र, मूर्ति, देऊळ, पोथी यांच्या जीर्णोद्धाराविषयीं लिहिलेलें ते आदरानें वाचतात. परंतु तेल पिणाऱ्या व धूर ओकणाऱ्या एका यंत्राच्या अंगावरील रंगाविषयीं टीकालेख लिहिणें म्हणजे टीकेचीच थट्टा मांडणें, असा आक्षेप ते घेतील. त्यावर आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्या वस्तूचें खरें रूप कोणतें याविषयीं शहाणीं माणसें वर्षानुवर्षें भांडत आलीं, तिला कलेच्या मांडवाबाहेर उभी करून ठेवतां येत नाहीं. २०११ मध्यें पॅरिसच्या सजावटकलेच्या संग्रहालयानें एका अमेरिकन संग्राहकाच्या मोटारींचें प्रदर्शन भरविलें, तेव्हां मांडवाचें दार उघडलेंच आहे. शिवाय या वादांत आमचा स्वतःचा एक अपराध गुंतलेला आहे. तोहि यथाक्रम सांगूं.

प्रथम दोन मोटारींची ओळख करून देतों. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया प्रांतांत पेबल बीच या समुद्रकांठच्या गांवीं १९५० पासून जुन्या मोटारींचें एक प्रदर्शन भरत असतें. गोल्फच्या हिरवळीवर गाड्या मांडल्या जातात, परीक्षक त्यांच्याभोंवतीं फिरतात, वांकून पाहतात, टिपणें घेतात. आणि अखेरीस एकीला त्या वर्षींची सर्वश्रेष्ठ गाडी म्हणून मान मिळतो. १९९० मध्यें हा मान एका काळ्या बुगाटीला मिळाला. २०२४ मध्यें तोच मान दुसऱ्या एका काळ्या बुगाटीला मिळाला. दोन्ही गाड्या फ्रान्सच्या आल्सास प्रांतांतील मोल्सहाइम येथल्या एकाच कारखान्यांत, चार वर्षांच्या अंतरानें तयार झालेल्या: एक १९३४ ची, दुसरी १९३८ ची. आणि कारखान्याबाहेर पडतांना दोघींपैकीं एकहि काळी नव्हती. दोन्ही निळ्या होत्या.

येथवर साम्य आहे. यापुढें दोघींच्या वाटा फुटतात.

१९३४ ची गाडी शर्यतीसाठीं घडविलेली. कारखान्याच्या हिशेबीं तिचें नांव टाइप ५९. आठ नळकांड्यांचें, सुमारें सव्वातीन लिटरचें एंजिन, आणि चाकांचे आरे तर पियानोच्या तारांसारखे बारीक. रने ड्रेफ्यूस या फ्रेंच चालकानें त्या वर्षींची बेल्जियमची ग्रां प्री शर्यत स्पा येथें तिच्यांत बसून जिंकली. त्या काळीं शर्यतींत गाडीचा रंग हा मालकाच्या आवडीचा प्रश्न नसे. तो राष्ट्राचा असे. फ्रान्सचा निळा, इटलीचा तांबडा, इंग्लंडचा हिरवा, बेल्जियमचा पिवळा, जर्मनीचा पांढरा. कारखान्याचा संस्थापक एत्तोरे बुगाटी हा मिलानचा इटालियन, त्यानें १९०९ मध्यें मोल्सहाइमला बस्तान बसविलें तेव्हां आल्सास जर्मन साम्राज्यांत होता, आणि त्याच्या गाड्या जगांत गाजल्या त्या फ्रान्सच्या निळ्या रंगांत! जर्मनीचा पांढरा पुढें रुपेरी झाला, त्याविषयीं मर्सिडीझच्या गोटांतून एक आख्यायिका सांगितली जात असे: १९३४ मध्यें एका शर्यतीच्या आदल्या दिवशीं गाडीचें वजन साडेसातशें किलोच्या मर्यादेपेक्षां एक किलो अधिक भरलें, म्हणून रातोरात पांढरा रंग खरवडून काढला आणि खालचा धातु उघडा पडला. त्या शर्यतीला ती वजनमर्यादा लागूच नव्हती असें संशोधकांनीं मागाहून दाखवून दिलें. तरी आख्यायिका मेली नाहीं. रंग खरवडण्याची क्रिया माणसाच्या मनांत पुराणकथेइतकी खोल रुजते, एवढें त्यावरून दिसतें.

तर ही शर्यतीची गाडी. तिचें पहिलें आयुष्य संपल्यावर कारखान्यानें तिचें रूप दुसऱ्या एका प्रकारच्या शर्यतीसाठीं पालटलें, आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस ती बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड याच्याकडे गेली. राजानें ती काळी रंगवून घेतली व तिच्यावर पिवळा पट्टा ओढविला. तो काळा रंग आज तिच्यावर आहे. जागोजागीं झिजलेला, तडकलेला, निस्तेज झालेला, परंतु राजाचा. पुढच्या मालकांनीं तो तसाच राहूं दिला. २०२४ मध्यें ती सर्वश्रेष्ठ ठरली तेव्हां नव्यासारखी न केलेल्या, केवळ जतन केलेल्या गाडीला तो मान त्या प्रदर्शनांत पहिल्यानेंच मिळाला.

दुसरीचें नांव टाइप ५७ एससी अटलांटिक. हिचा कर्ता एत्तोरेचा मुलगा झां बुगाटी. या रूपाचा पहिला नमुना त्यानें १९३५ मध्यें सिद्ध केला तो मॅग्नेशियमच्या एका मिश्रधातूचा. तो पत्रा वितळवून जोडणें धोक्याचें, कारण तो पेट घेतो. म्हणून दोन्ही अंगांचे पत्रे मधोमध उभ्या कडा करून रिव्हेटांनीं एकमेकांस ठोकले, आणि गाडीच्या नाकापासून शेपटीपर्यंत माशाच्या पाठीवरील पंखासारखी एक शिवण उभी राहिली. पुढें प्रत्यक्ष गाड्या केल्या त्या अल्युमिनियमच्या. आतां शिवणीची गरज उरली नव्हती. झांनें ती तरीहि ठेवली. गरजेंतून निघालेली रेषा त्याला सौंदर्याची म्हणून दिसली, आणि ज्याला असें दिसतें त्याला कलावंत म्हणण्यास आम्ही कचरत नाहीं. अशा चारच गाड्या झाल्या. त्यांतली झांची स्वतःची, जिला फ्रेंच भाषेंत नुसतें ‘काळी गाडी’ म्हणतात, ती दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमींत नाहींशी झाली व अद्याप सांपडलेली नाहीं. झां स्वतः १९३९ च्या ऑगस्टमध्यें, वयाच्या तिसाव्या वर्षीं, मोटारीची चांचणी घेतांना अपघातांत मरण पावला.

चारांपैकीं शेवटची, १९३८ ची, लंडनच्या एका धनिकासाठीं केलेली. तिचा रंग नीलमण्याचा, गडद निळा. पन्नास वर्षांनीं, १९८८ मध्यें, ती अमेरिकेंतील प्रसिद्ध वस्त्ररचनाकार राल्फ लॉरेन यांनीं विकत घेतली. मॅसॅच्युसेट्समधील एका नामांकित कारखान्यांत तिचा खिळा न् खिळा सुटा करून जीर्णोद्धार झाला, आणि ती बाहेर आली ती काळी होऊन. १९९० चा मान तिचा. २०१२ मध्यें इटलींत कोमो सरोवराच्या कांठीं भरणाऱ्या तसल्याच एका प्रदर्शनांतहि तिनें पहिला मान मिळविला.

आतां खरें सांगावयाचें तर आम्हांला ती काळी गाडी फार आवडली. आम्ही ती छायाचित्रांतच पाहिली आहे. तरी पहिल्यांदा पाहिली तेव्हां पान उलटवेना. काळ्या चकाकीला स्वतःचें असें अंग नसतें. ती भोंवतालचें आकाश, झाडें, माणसें उचलून घेते आणि वळणावळणावर त्यांच्या रेघा काढते. अटलांटिकचीं मडगार्डें पाण्याच्या थेंबासारखीं पुढें फुगून मागें निमुळतीं होत गेलेलीं आहेत. काळ्या रंगांत त्यांची बाह्यरेषा बोरूच्या एका फटकाऱ्यासारखी सबंध उमटते. लॉरेन हे वस्त्रकलेंतले कसलेले पुरुष. रात्रीच्या मेजवानीचा काळा पोषाख देहाला कसा शोभवितो, हें त्यांच्याइतकें कोणाला ठाऊक असणार? त्यांनीं मोटारीला तो पोषाख चढविला, व तो बसला.

परंतु बसलेल्या पोषाखाखालीं कांहींतरी दडलें आहे. ती शिवण पाहा. गडद निळ्या पृष्ठभागावर उजेड आणि सांवली यांना वावरायला जागा असते. तेथें शिवण ही शिवण म्हणूनच दिसते, दोन पत्रे येथें हातानें जोडले आहेत हें डोळ्याला कळतें, रिव्हेट मोजतां येतात. काळ्या रंगांत तीच शिवण चमकणाऱ्या रेघांतली आणखी एक रेघ होते. जोडकाम झांकण्याऐवजीं मिरविण्याची झांची जी धिटाई, तीच नेमकी मवाळ झाली. निळी गाडी घडविलेली दिसली असती. काळी ओतलेली दिसते. ओतलेली अधिक मोहक असेल, पण ती झांची नव्हे.

आणखीहि एक गोष्ट आम्हांला खटकते, आणि ती लॉरेन यांच्यापुरती नाहीं. ‘जुनी मोटार म्हणजे काळी मोटार’ अशी एक समजूत आपणां सर्वांच्या मनांत बसली आहे. ती आली कोठून? थोडी हेन्री फोर्डकडून. त्याची टी-मॉडेल मोटार १९०८ मध्यें निघाली तेव्हां ती तांबडी, हिरवी, करडी मिळत असे, काळी मिळत नसे; १९१४ पासून १९२५ पर्यंत मात्र तिचा रंग फक्त काळाच राहिला, कारण तो स्वस्त, टिकाऊ आणि भराभर निघणाऱ्या गाड्यांना सोईचा. १९२६ मध्यें पुन्हां रंग आले, कारण तोंवर ड्यू-पाँ कंपनीचा ड्यूको नांवाचा नवा सेल्युलोझ रंग बाजारांत येऊन आठवड्यांचें काम तासांवर आलें होतें, आणि १९२४ सालची ओकलंड मोटार त्या रंगांत निळी होऊन रस्त्यावर धांवत होती. म्हणजे तो काळा काळ अवघ्या बारा वर्षांचा, आणि तोहि एका कारखान्याचा. उरलेली समजूत छायाचित्रांनीं घडविली. जुनीं छायाचित्रें कृष्णधवल; त्यांतून त्या वेळच्या पुष्कळशा फिल्मा तांबड्या प्रकाशाला आंधळ्या असत, त्यामुळें तांबडी गाडी काळीकुट्ट दिसे आणि निळी फिकट पडे. आपण आपल्या आजोबांचें जग काळें आणि करडें समजतों तें कॅमेऱ्याच्या दोषामुळें. त्या जगांत पिवळ्या चाकांच्या हिरव्या गाड्या होत्या. जीर्णोद्धारानें ही समजूत मोडावयाची, कीं तिच्यावर चकाकीचे आणखी चार हात द्यावयाचे?

येथें आमच्या धंद्यांतला दाखला दिल्यावांचून राहवत नाहीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ मध्यें हातीं घेतलें आणि तें १९६६ मध्यें पुरें झालें. व्यासांच्या मुखांतून निघालेले शब्द आम्ही देतों, असा दावा डॉ. सुकथनकरांनीं केला नाहीं; उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारें जितकें मागें जातां येईल तितकेंच मागें जावयाचें, हें त्यांचें व्रत. या व्रतापायीं व्यास सांगताहेत आणि गणपति लिहून घेतो आहे, ही घराघरांतून लाडकी झालेली कथा मूळ संहितेंतून बाहेर पडली. ती आमचीहि लाडकी आहे. पण संपादकांनीं ती जाळली नाहीं, परिशिष्टांत छापली. ज्याला हवी त्यानें तेथें वाचावी, आणि ती मागाहून आली हेंहि समजून घ्यावें. त्याच्या फार पूर्वीं, शके १५०६ मध्यें, एकनाथांनीं पाठभेदांनीं अशुद्ध झालेली ज्ञानेश्वरी शुद्ध केली. नाथ स्वतः केवढे कवि! त्यांना एखाद्या ठिकाणीं मूळ ओवीपेक्षां सरस ओवी सुचली नसेल असें कोण म्हणेल? परंतु त्या कामाला बसतांना त्यांनीं आपलें कवित्व बाजूला ठेवलें, आणि पुढच्यांनींहि या ग्रंथांत स्वतःची ओवी घालूं नये असें बजावून ठेवलें.

या कसोटीला आपल्या दोन गाड्या लावून पाहा. लिओपोल्ड राजाचा काळा रंग हाहि प्रक्षेपच. निळ्या संहितेवर मागाहून चढलेला. पण तो गाडी वापरणाऱ्याचा प्रक्षेप आहे. राजा ‘मी जुनी गाडी पूर्ववत् करतों’ असें म्हणत नव्हता. त्याला चालवायला गाडी हवी होती, ती त्यानें आपल्या आवडीची करून घेतली. त्याच्या हातचा रंग हा गाडीच्या चरित्राचाच एक अध्याय झाला. आज कोणी तो खरवडून फ्रान्सचा निळा चढवील, तर तो १९३४ परत आणणार नाहीं, आणि राजाचीं वर्षें मात्र कायमचीं घालवील. उलट लॉरेन यांचा काळा हा संपादकाच्या आसनावर बसून संहितेंत घातलेला पाठ आहे. हें त्यांनीं लपविलें असें आम्ही म्हणत नाहीं. मूळ रंग निळा होता, हें या विषयाच्या सर्व जाणत्यांना माहीत आहे. गाडी त्यांची, पैसा त्यांचा. त्यांनीं ती काळी केली याबद्दल त्यांच्याशीं भांडण्याचा आम्हांला अधिकार नाहीं. आमचा रोख परीक्षकांवर आहे. जीर्णोद्धाराचा सर्वोच्च मान देतांना त्यांनीं हा पाठभेद पाहूनहि न पाहिल्यासारखा केला. त्या दशकांत आरशासारख्या चकाकीपुढें सारेच दिपले होते. नव्या गाडीपेक्षांहि नवी दिसणारी जुनी गाडी, असें एक चमत्कारिक ध्येय त्या वेळच्या अभिरुचीनें समोर ठेवलें होतें. एकोणिसाव्या शतकांत फ्रान्समध्यें व्हिओले-ल-द्यूक यानें पडके किल्ले जसे ते कधींच नव्हते इतके पूर्ण करून दाखविले, आणि इंग्लंडांत रस्किननें त्याच प्रवृत्तीवर कोरडे ओढले, तोच हा वाद हिरवळीवर पुन्हां उभा राहिला.

यावर एक आक्षेप घेतला जातो तो पोकळ नाहीं. मूळ रंग, मूळ रंग म्हणून तुम्ही ज्याचा जप करतां तो मिळतो कोठें? १९३८ चा सेल्युलोझ रंग आज बहुधा कोणी वापरत नाहीं. आज वापरतात ते दोन द्रव्यें मिसळून घट्ट होणारे रंग, वर पारदर्शक थर दिलेले. नमुना तंतोतंत जुळविला तरी प्रकाश त्यांतून निराळ्या रीतीनें परततो. आणि नमुना तरी कोणता? पत्र्याच्या कोनाड्यांत सांपडलेला निळा हा पन्नास वर्षें पिकलेला निळा असतो. पहिल्या दिवशींचा निळा कोणी पाहिला आहे? हें सारें आम्ही मान्य करतों. पण महाभारताच्या संपादकांनाहि व्यासांचा आवाज ऐकूं आला नव्हता. मूळ सबंध हातीं लागत नाहीं, म्हणून वाटेल तो पाठ घ्यावा, असें त्यांनीं म्हटलें नाहीं. अजमासाचा निळा आणि आवडीचा काळा या दोन निराळ्या जाति आहेत. पहिला चुकला तर दुरुस्त करतां येतो, कारण तो कशावर तरी आधारलेला असतो. आवडीचा चुकतच नाहीं, म्हणून त्याच्याशीं वादहि करतां येत नाहीं.

दुसऱ्या बाजूचे लोक ‘मूळ’ या शब्दाची मूर्तिपूजा करतात, तेंहि आम्हांस पसंत नाहीं. १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’ या चित्रपटांत जेम्स बाँड ज्या रुपेरी ॲस्टन मार्टिनमधून फिरतो, ती आरंभीं गडद तांबडी होती. चित्रपटासाठीं तिला रुपेरी केलें. ती गाडी १९९७ मध्यें फ्लॉरिडांतून चोरीला गेली. उद्यां ती सांपडली आणि कोणी मूळ रंग म्हणून तिला तांबडी करावयास निघाला, तर त्याला आपण विद्वान् म्हणूं कीं दुसरें कांहीं? तेथें रुपेरी रंग हीच घटना आहे. उलट फेरारीच्या निळ्या, करड्या, पिवळ्या गाड्या पुढें केवळ गिऱ्हाईक लवकर मिळावें म्हणून तांबड्या केल्या गेल्या. त्या आतां पुन्हां मूळच्या रंगाकडे वळत आहेत, तेव्हां कोणाला हळहळ वाटत नाहीं. बाजाराच्या रंगाला चरित्र नसतें. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची ट्युरिनची सनद २०१३ मध्यें संमत झाली. वस्तूच्या इतिहासांत झालेल्या बदलांचाहि मान राखावा आणि आपण जें करूं त्याची नोंद ठेवावी, असा तिचा आशय आहे. सनदा पुष्कळ होतात. ही थोडीफार पाळली जाते, असें २०२४ च्या निकालावरून वाटतें.

नोंद ठेवावी, या दोन शब्दांपाशीं आमची लेखणी अडखळते, आणि येथेंच तो अपराध सांगितला पाहिजे.

आमच्या वडिलांची १९५६ ची फियाट अकराशें होती. हिलाच लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत; आमच्या घरीं हा शब्द उच्चारण्यास बंदी होती. पुढें ती बरींच वर्षें ताडपत्रीखालीं उभी राहिली. १९९९ मध्यें, नानांच्या पंचाहत्तरीला ती चालती करून त्यांच्यापुढें उभी करावी, असा बेत आम्हीं केला. एंजिन झालें, पत्र्याचें काम झालें. मग रंगाचा प्रश्न आला, आणि आम्हीं महाविद्यालयांतून परत येतां येतां, दुकानांतल्या पट्टीवर बोट ठेवून, गडद किरमिजी निवडला. तो आम्हांला भारदस्त वाटला. पेंटर वयस्क होता. लांबी भरून, पॉलिशपेपरनें घासून झाल्यावर त्यानें आम्हांला मुद्दाम बोलावून घेतलें आणि विचारलें, “साहेब, डिकीच्या आंत कंपनीचा रंग अजून चांगला आहे. तेवढा राहूं द्यायचा का?” आम्ही म्हणालों, “छे, आंतबाहेर सगळें एकसारखें करा.” त्यानें मान हलविली आणि एकसारखें केलें.

पंचाहत्तरीच्या दिवशीं नाना गाडींत बसले. सुकाणूवर हात ठेवला, कांचेंतून बाहेर पाहिलें, बॉनेटकडे पाहिलें. मग म्हणाले, “छान झाली आहे. कोणाची?” सगळे हंसले. तो विनोद होता असें आम्हीं तेव्हां धरून चाललों. दोन वर्षांनीं ते गेले, आणि त्यानंतर पहिल्यानेंच आमच्या मनांत आलें कीं, गाडीचा मूळ रंग कोणता होता हें आपल्याला सांगतां येत नाहीं. बाळपणीं जी आम्ही पाहिली ती उन्हानें पांढुरकी पडलेली. छायाचित्र एकच, तेंहि कृष्णधवल. आई म्हणे, ती पारव्या रंगाची होती. आमचे काका, ज्यांनीं ती नानांच्या बरोबरीनें चालविली, शपथेवर सांगत कीं, मेंदीकडे झुकणारी हिरवट होती. दोघांतला निवाडा करणारा पुरावा डिकींत वीत-दोन वीत शिल्लक होता, तो आम्हीं हुकूम देऊन पुसून टाकला. रंग बदलला याचा पश्चात्ताप आम्हांला फारसा होत नाहीं. किरमिजी अगदींच वाईट दिसत नाहीं. त्या पेंटराला जें कळलें तें पाठचिकित्सा शिकविणाऱ्या आम्हांला कळलें नाहीं, हें मात्र अद्याप सलतें.

जाणते कारागीर या कामांत पुरातत्त्वज्ञासारखे वागतात. एखाद्या झांकल्या जागीं रुपयाएवढा भाग हळूहळू घासला कीं, झाडाच्या खोडांतल्या कड्यांसारखीं रंगांचीं कडीं दिसूं लागतात: वरचा, त्याच्या खालचा, अस्तराचा, आणि शेवटीं धातु. डॅशबोर्डच्या पाठीमागें, दाराच्या बिजागऱ्यांखालीं, राखीव चाकाच्या खळग्यांत पहिला रंग लपून राहतो. हीं स्थळें म्हणजे गाडीचीं हस्तलिखितें. सबंध गाडी वाटेल त्या रंगानें रंगवा, पण यांतलें एक तरी अस्पर्श ठेवा, एवढाच नियम पाळला असता तर आमचा निम्मा वाद उरला नसता.

लॉरेन यांच्या अटलांटिकविषयीं एक प्रश्न राहतो, आणि त्यावर आमचें मन अजून पुरतें ठरलेलें नाहीं. तिचा काळा रंग आतां पस्तीस वर्षांहून जुना झाला. आणखी पन्नास वर्षांनीं तो झिजेल, तडकेल, आणि त्या वेळचे रसिक त्याच्याकडे आज आपण लिओपोल्डच्या रंगाकडे पाहतों तशाच प्रेमानें पाहूं लागतील. विसाव्या शतकाच्या अखेरीस एका वस्त्रकाराला ही गाडी अशी दिसली, असें म्हणतील. तेव्हां आमचा सारा युक्तिवाद कोठें राहील? तो लटका पडतो असें आम्हांला वाटत नाहीं, पण डळमळतो खरा. उद्यां कोणी ती गाडी पुन्हां निळी करूं म्हणाला, तर मागल्या वर्षापर्यंत आम्ही टाळ्या वाजविल्या असत्या. आज आम्ही त्याला थांबवूं. १९३८ चा निळा ज्या दिवशीं खरवडला गेला त्या दिवशीं गेला. जो नवा येईल तो आपल्या दशकाचा निळा असेल, आणि त्याच्याखालीं १९९० चाहि पुरावा जाईल. काळीच राहूं द्यावी, आणि प्रदर्शनांत तिच्यापुढें जी पाटी लावतात तींत कर्त्याच्या नांवाइतक्याच ठळक अक्षरांत लिहावें कीं, ही गाडी निळी होती.

हा लेख लिहीत असतांना आमच्या फियाटचा वेगमापक बंद पडला. केबल बदलण्यासाठीं मेकॅनिकनें तो डॅशबोर्डांतून बाहेर काढला, तेव्हां आंतल्या पत्र्यावर दोन बोटें रुंदीची एक पट्टी दिसली. किरमिजीचा फवारा तेथवर पोंचलाच नव्हता. गॅरेजच्या ट्यूबलाइटखालीं ती हिरवट वाटली. गाडी ढकलून अंगणांत उन्हांत आणली, तेव्हां ती राखी, जवळजवळ पारवी दिसली. आई आतां शहाऐंशी वर्षांची आहे; तिला हात धरून खालीं आणलें. तिनें चष्मा पुसून वांकून पाहिलें आणि “मी सांगत होतें,” एवढेंच म्हणाली. काका हयात असते तर त्यांनीं ट्यूबलाइटकडे बोट दाखविलें असतें. त्या पट्टीला पॉलिशपेपर लागूं देऊं नकोस असें मेकॅनिकला दोनदां बजावून आम्हीं वेगमापक पुन्हां जागच्या जागीं बसवून घेतला.